गोव्यात दिवसभराचा थांबा : पूल खेळायला चांगलं टेबल कसं शोधावं?

तिरकाकोन
मंडळी, जुलैत एके दिवशी कारवारहून सकाळची बस पकडून साडेनऊच्या सुमारास मडगावच्या कदंब (गोव्याच्या सरकारी बसच्या) स्टँडवर उतरतोय. रात्री ९:४० ला मोपाहून विमान आहे. मधले बारा तास गोव्यात. पावसात किनारा नको, देवळं-चर्च पाहून झाली आहेत. मला तीन-चार तास सलग पूल (बिलियर्ड्ससारखा, टेबलावर स्टिकने बॉल भोकात घालायचा खेळ) खेळायचाय. नाइन-बॉल (एक ते नऊ नंबरचे बॉल ओळीने खेळायचा पूलचा प्रकार) खेळतो आणि स्वतःची स्टिक बरोबर असेल.

पार्लरांची नावं मागत नाहीये. पार्लर बंद पडतात, मालक बदलतात, टेबलं विकली जातात, आणि दोन वर्षांपूर्वीचा सल्ला वाचून जाणारा माणूस मोबाइलच्या दुकानासमोर उभा राहतो. मला शोधायची रीत हवी आहे. सपाट स्लेट (कापडाखालचा दगड), ताणलेलं कापड, एकसारखे बॉल आणि स्टिक मागे घ्यायला मोकळी जागा, एवढं मिळालं तर मी खूश. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मडगावकर_मंदार
आधी तिकीट उघडून विमानतळ पुन्हा वाचा. गोव्यात आता दोन आहेत : दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे, तरी अजून लोक चुकीच्या ठिकाणी जाऊन उभे राहतात. मडगावहून दाबोळी पाऊण तासाच्या आसपास. मोपा म्हणजे जिल्हा ओलांडून पार पेडणे तालुक्यात, साधारण ६५-७० किलोमीटर.

तुमचं मोपाच असेल तर मडगावात खेळू नका. टेबल इथेही मिळेल, पण खेळून झाल्यावर संध्याकाळच्या गर्दीत सगळा गोवा उभा कापायचा राहतो. आधी अंतर कापा, मग खेळा. मडगाव स्टँडवरूनच पणजीची कदंब शटल सुटते. तिकीट खिडकीवर आधी काढायचं, रांग लांब दिसली तरी ती भराभर सरकते. तासाभरात पणजी.

हिशेब उलटा मांडा. ९:४० चं विमान, ७:४० ला विमानतळावर. पणजी ते मोपा एरवी तास लागतो. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू असलं तर अडकायला होतं, त्यात पाऊस, म्हणून दीड-पावणेदोन तास धरा. म्हणजे पणजी सहाच्या आत सोडायची आणि स्टिक पाच-सव्वापाचला खोक्यात. खेळायची वेळ दुपारी बारा ते पाच.

आसगावची_मुक्ता
इंटरनेटवर शोधताना 'पूल' हा शब्द टाकूच नका. गोव्यात त्याचं उत्तर म्हणजे पोहण्याचे तलाव आणि तलाववाले व्हिला. 'स्नूकर' किंवा 'बिलियर्ड्स' टाका. स्नूकरचं टेबल ठेवणाऱ्याकडे पूलचं बहुतेक असतंच.

मग फोटो बघा, पण तारखेप्रमाणे लावून, नवे आधी. मालकाने टाकलेले उद्घाटनाचे फोटो सोडून द्या. गिऱ्हाइकांनी काढलेल्या फोटोंत तीन जागा मोठ्या करून पाहा : रॅक (सुरुवातीला साच्यात एकत्र लावलेले बॉल) लागतो तिथे कापडावर पांढरे ठिपके किती, पॉकेटच्या (बॉल पडायच्या भोकाच्या) तोंडाशी कापड फाटलंय का, आणि टेबल ते भिंत अंतर किती.

कुशनफर्स्ट
मुक्ताशी सहमत, पण फोटोवर निर्णय घेऊ नका. फोन करा. गोव्यात फोन हे सगळ्यात स्वस्त तिकीट आहे.

पहिला प्रश्न : किती वाजता उघडता? दुपारी एक ते चार इथली पुष्कळ दुकानं बंद असतात. पार्लर बहुधा चालू असतं, पण काही ठिकाणी पोरगा कुलूप लावून जेवायला जातो. दुसरा : पूलचं टेबल किती फुटी? 'मोठं आहे' हे उत्तर नाही. आपल्याकडे पार्लरात सर्रास ८ फुटी असतं, ज्याला ते 'चार बाय आठ' म्हणतील. खेळायचा भाग ४४ बाय ८८ इंच. ९ फुटीचा ५० बाय १०० इंच, ते कमी ठिकाणी मिळतं. 'साडेचार बाय नऊ' असं उत्तर आलं तर समजा की माणसाला टेबल कळतं. तिसरा : खाली स्लेट आहे की मार्बल? भारतात बनलेल्या बऱ्याच टेबलांना संगमरवर असतो. जाड आणि नीट बसवलेला असेल तर खेळायला तो चालतो. लाकडी भुशाची पाटी असेल तर पावसाळ्यात तिकडे पाऊल ठेवू नका, ओल धरून ती फुगते. चौथा : कापड केव्हा बदललं? 'आत्ताच' म्हणाले तर महिना विचारा. नेमका महिना सांगणारा मालक टेबलाकडे बघतो.

आणि शेवटचा प्रश्न, जो कोणी विचारत नाही : आज एसी किती वाजता लावलात? त्याचं कारण पेडणेकर सांगतीलच.

बोरकर_बाब
एवढे प्रश्न विचारल्यावर मालक मुलगी द्यायला तयार होईल हो! :)

कुशनफर्स्ट
पात्रांव, टेबल दिलं तरी पुरे.

पेडणेकर
हाक मारलीत म्हणून सविस्तर लिहितो. पावसाळ्यात गोव्यात खेळायचं तर हा मुद्दा टेबलाच्या मापापेक्षा मोठा आहे.

पूलचं चांगलं कापड लोकर आणि नायलॉनचं असतं. सिमोनिस कंपनीच्या ८६० कापडात ९० टक्के लोकर, ७६० मध्ये ७० टक्के. लोकर हवेतली ओल शोषते, दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी धरू शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. जुलैत आमच्याकडे हवा तशीच असते. परिणाम असा : व्हाइट (स्टिकने मारायचा पांढरा बॉल) लवकर थांबतो, फॉलो (टकरीनंतर व्हाइट पुढे नेणं) आणि ड्रॉ (मागे आणणं) दोन्हीला जास्त जोर लागतो, एका कुशनचा (टेबलाच्या रबरी कडेचा) बँक शॉट, म्हणजे कडेवरून उसळवून मारलेला बॉल, आखूड पडतो. कारवारला तुम्ही ज्या अंदाजाने बँक मारत असाल तो पहिल्या अर्ध्या तासात जुळणार नाही. मेख अशी की एकाच टेबलाचा वेग दिवसभरात बदलतो.

रात्री एसी बंद होतो. सकाळी झाडलोट करताना दारं उघडतात, बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड दगडावर ओल धरते. एसी लावल्यावर कापड सुकायला तास-दीड तास सहज जातो. अकराला उघडून तेव्हाच एसी लावणाऱ्याकडे साडेबारानंतर जा. एसी ड्राय मोडवर किंवा ओल शोषणारं यंत्र लावलं असेल तर उत्तमच. पाऊस चालू असताना एसी लावून दार उघडं ठेवणाऱ्या पार्लरात मी पैसे भरणार नाही.

दुसरं, पावडर. दमट हवेत हात चिकटतो म्हणून लोक टाल्कम फासतात. ती पावडर कापडात बसते, ओलीबरोबर घट्ट होते आणि बॉलवर थर चढतो. टेबलाच्या कडांवर पांढरे पंजे उमटलेले दिसले तर दुसरं टेबल मागा. स्वतः तीन बोटांचा हातमोजा आणा, तो खिशात मावतो.

तिसरं, वीज. पावसात वीज जाते. इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात की एसीही, हे विचारून ठेवा. खेळ मध्येच थांबला तर मीटर थांबतो का, हेही.

नाइटवॉचमन
पेडणेकर, थोडी अतिशयोक्ती वाटते. हौशी खेळाडूला एवढा फरक जाणवतो? एसी चालू आहे, दिवे आहेत, झालं की.

पेडणेकर
सरळ पॉट (बॉल पॉकेटात) मारणाऱ्याला कमी जाणवतो. पण नाइन-बॉलमध्ये व्हाइट दोन-तीन कुशन फिरवून पुढच्या बॉलवर आणायचा असतो. तिथे अर्धा फूट कमी पडला की कोन उलटा बसतो आणि पुढचा बॉल सेफ (समोरच्याला अडवण्यापुरता) खेळावा लागतो. त्यातून दमट दिवशी बॉल मळकट असले तर कट (तिरका शॉट) मारताना ते एकमेकांना धरतात, मारलेला बॉल हवा तेवढा वळत नाही. धागाकर्ता स्वतःची स्टिक घेऊन हिंडतोय, त्याला हे नक्की जाणवेल.

शॅकवाला_नितीन
सगळे पार्लरच्या मागे का? कळंगुट-बागा पट्ट्यात बारमध्ये आणि शॅकवर टेबलं आहेत, समोर समुद्र आहे, वातावरण आहे. पूल हा मुळात गप्पा मारत खेळायचा खेळ. सात फुटी टेबलावर फ्रेम झटपट संपते, अनोळखी लोक खेळायला मिळतात.

मडगावकर_मंदार
जुलैत शॅक? परवाना मेअखेरपर्यंत, त्यानंतर सगळं उतरवून ठेवतात. राहिले पक्के बार. ते खरे रंगात येतात संध्याकाळी, तेव्हा यांना मोप्याच्या वाटेवर असायचंय.

फोंडेकरीण
नितीन, गप्पांसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण यांना चार तास मन लावून खेळायचंय. किनाऱ्यावरच्या टेबलाला खारी हवा खाते. कुशनची पट्टी ज्या बोल्टांनी आवळलेली असते ते गंजतात, ढिले होतात आणि कुशन मरतं. वाळू कापडात शिरते, बॉलना ओरखडे पाडते. नाण्यावर चालणाऱ्या सात फुटी टेबलांत व्हाइट वेगळ्या मापाचा किंवा जड असतो, कारण यंत्राला तो ओळखून परत द्यावा लागतो. जड व्हाइट मागे खेचला जात नाही, पुढेच पळतो. नाइन-बॉलची सवय असलेल्याचा हात त्यावर बिघडतो.

आता मूळ प्रश्न. पार्लरात पोचल्यावर पैसे भरण्याआधी टेबल तपासायचं कसं? माझ्या घरी टेबल बसवण्याचं काम आहे, तेव्हा तिथली रीत लिहिते. मार्करला (पार्लरात टेबलं सांभाळणाऱ्याला) सांगून पाच मिनिटं मागायची. चांगला मार्कर नाही म्हणत नाही, उलट खूश होतो.

सगळ्यात आधी रिकाम्या टेबलावर एक बॉल हाताने अगदी हळू सोडा, लांब कुशनपासून तीनेक इंचांवरून, या टोकाकडून त्या टोकाकडे. पोचता पोचता कुठे वळतो ते पाहा. मग दुसऱ्या बाजूने, मग उलट दिशेने. दोन्ही दिशांना एकाच बाजूला वळला तर टेबलाला उतार आहे. एकाच जागी वळला तर दगडाच्या सांध्यात दोष आहे. पूलची स्लेट बहुधा तीन तुकड्यांची असते, म्हणजे आडवे सांधे दोन. ते मेणाने किंवा पुट्टीने भरतात. भरण वर राहिलं तर हळू जाणारा बॉल तिथे किंचित उडतो, टक् असा बारीक आवाज येतो. उतार पाय फिरवून दुरुस्त होतो. सांध्यासाठी कापड काढावं लागतं, ते तुमच्यासाठी कोणी काढणार नाही. टेबल बदला.

दुसरं कुशन. व्हाइट मधोमध ठेवून लांबीच्या दिशेने जोरात मारा. धड टेबलावर तो चार-साडेचार लांब्या जायला हवा, न उडता. वाटेत उडतो म्हणजे कुशनचं नाक (पुढे आलेली कड) खाली आहे. ते बॉलच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के उंचीवर हवं, ५७.१५ मिलिमीटरच्या बॉलला छत्तीस मिलिमीटरच्या जरा वर. नाक वर असेल तर बॉल दाबला जातो आणि मेल्यासारखा परत येतो. मग बॉल सगळ्या कुशनवर सारख्या जोराने मारत कान द्या. एखाद्या जागी 'ठप्प' आवाज आला तर तिथला बोल्ट ढिला आहे किंवा रबर सुटलंय.

तिसरं पॉकेट. दोन बॉल शेजारी शेजारी धरून कोपऱ्याच्या तोंडात बसवा. दोन बॉल मिळून साडेचार इंच होतात आणि स्पर्धेच्या टेबलाचं कोपऱ्याचं तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच असतं. दोन्ही बॉल जेमतेम बसले तर टेबल कडक, सराव छान होईल. मध्ये बोट शिरलं तर पॉकेट पाच इंचांच्या घरात. पॉट खूप होतील पण हात आळशी होईल.

चौथं, बॉल. व्हाइट दोन रंगीत बॉलच्या मध्ये चिकटवून कुशनला लावा आणि वरून मोबाइलची सरळ कड तिघांवर टेकवा. मोबाइल डुगडुगला किंवा मध्ये फट दिसली तर व्हाइट झिजलेला आहे. व्हाइट प्रत्येक शॉटला मार खातो, सगळ्यांआधी तोच लहान होतो. लहान व्हाइट खाली लागतो आणि अंदाजापेक्षा जास्त मागे येतो. अशा वेळी दुसऱ्या संचातला व्हाइट मागून घ्या, पार्लरात एक-दोन जादा असतात. मात्र स्नूकरचा नको, तो साडेबावन्न मिलिमीटरचा असतो.

तिरकाकोन
फोंडेकरीणताई, दंडवत! वाचनखूण साठवली. रॅक नीट बसत नाही तेव्हा दोष बॉलचा की कापडाचा, हे कसं ओळखायचं?

फोंडेकरीण
रॅक काढल्यावर बॉल एकमेकांपासून सुटत असतील तर तोच संच त्या जागेपासून एक फूट बाजूला लावून बघा. तिथे घट्ट बसला तर कापडात खड्डे पडलेत. ब्रेकच्या दणक्याने पुढचा बॉल कापडात रुततो, वर्षभरात वाटी तयार होते. तिथेही सुटला तर बॉलची मापं वेगवेगळी आहेत. पहिल्या दोषाला उपाय आहे : रॅक अर्धा बॉल पुढेमागे करून लावायची परवानगी मागा. दुसऱ्याला उपाय नाही. स्वस्त पॉलिएस्टरचे बॉल असमान झिजतात. बेल्जियमच्या सालुक कारखान्याचे आरामिथ फिनॉलिक बॉल पुष्कळ वर्षं माप धरून राहतात. बॉल मळकट असतील तर कोमट पाणी आणि साधा साबण, मग कोरड्या कापडाने पुसायचे. मार्करला विनंती करा, पाच मिनिटांचं काम आहे.

पेडणेकर
ताईंच्या यादीत दोन भर. प्रकाश : स्पर्धेचा नियम टेबलावर किमान ५२० लक्स मागतो. मोबाइलमध्ये मोजता येतो, पण नुसती सावली पाहिली तरी चालतं. कुशनला चिकटलेल्या बॉलची कड स्पष्ट दिसत नसेल तर तासाभरात डोळे थकतील. आणि जागा : स्टिक ५८ इंची. ८ फुटी टेबलाला १३ फूट ४ इंच बाय १७ फूट खोली लागते, ९ फुटीला १३ फूट १० इंच बाय १८. पणजीतल्या जुन्या इमारतींत खांब मध्ये येतात. खांबाकडच्या कोपऱ्यात व्हाइट लावून स्टिक मागे घेऊन पाहा. 'तिथे छोटी स्टिक देतो' म्हणाले तर पुढे चला.

जबलपूरचा_नातू
पूल पूल काय लावलंय? गोव्यात यायचं आणि स्नूकर खेळायचं नाही? बारा फुटी टेबलाची जी निगा राखली जाते ती पूलला कोणी देत नाही. मार्कर रोज ब्रश फिरवतो, इस्त्री करतो. आणि स्नूकर आपल्या मातीतला आहे, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, १८८२ मध्ये उटीच्या क्लबात नियम लागले.

कुशनफर्स्ट
जन्म इथला खरा, पण नाइन-बॉलवाल्याला अचानक बारा फुटी टेबलावर लावलं तर चार तास तो नुसता कोन मोजत बसेल. लहान बॉल, अरुंद गोल पॉकेट, स्टिकला साडेनऊ-दहा मिलिमीटरची टिप (टोकाचं चामडं). याच्या स्टिकला १२-१३ मिलिमीटरची असणार.

मातीचंच म्हणाल तर बिलियर्ड्सचे विल्सन जोन्स आठवा. जन्म पुण्यातला. १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा जिंकली, १९६४ मध्ये पुन्हा. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेता झालेला पहिला भारतीय. क्रिकेटच्या गदारोळात आपण हे नाव नीट जपलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जबलपूरचा_नातू
जोन्ससाहेबांसाठी +१. त्या बाबतीत वाद नाही. पण इस्त्रीचा मुद्दा सोडत नाही : ज्या पार्लरात स्नूकरच्या टेबलाची निगा चांगली, तिथलं पूलचं टेबलही चांगलं निघतं. आत शिरल्यावर आधी स्नूकर टेबलाकडे बघा. झाकण घातलेलं असलं, ब्रश जागेवर टांगलेला असला, तर तिथे थांबा.

तिरकाकोन
ही खूण कामाची आहे, नोंदवतो. आता स्टिकबद्दल. मोप्याला सुरक्षा तपासणीत अडवतात का? आणि दिवसभर बॅग कुठे ठेवू?

आसगावची_मुक्ता
केबिनमध्ये बिलियर्ड्सची स्टिक चालत नाही, हॉकी स्टिक आणि गोल्फच्या काठीच्या यादीतच ती येते. सामानात द्यावी लागेल. दोन तुकड्यांची स्टिक सुटी केली की एकेक तुकडा साधारण ७४ सेंटिमीटर, त्यामुळे मधल्या आकाराच्या बॅगेत तिरकी बसेलच असं नाही. कडक नळीचं खोकं घ्या, दोन्ही टोकांना कापडाचे बोळे कोंबा, म्हणजे आत हलणार नाही. सांध्याला टोपण लावा. काउंटरवर 'नाजूक' चिठ्ठी मागा. सामान द्यायचं म्हणजे रांग आली, तेव्हा मंदारने दिलेल्या ७:४० मधून आणखी वीस मिनिटं कापा.

बॅग मात्र मडगावात कुठेही ठेवू नका, परत आणायला कोण जाणार? फोनवरच पार्लरला विचारा, काउंटरमागे ठेवू देतात. पैसे, लॅपटॉप, ओळखपत्र स्वतःजवळ.

बोरकर_बाब
पणजी स्टँडवरून पार्लरपर्यंत पायलट घ्या. पिवळ्या मडगार्डची काळी मोटारसायकल, अधिकृत असते, भाडं आधी ठरवा. स्टिकचं खोकं पाठीवर उभं बांधा, आडवं धरलंत तर पणजीच्या गल्ल्यांत आरशांना लागेल. मोठी बॅग असेल तर पायलट नको, रिक्षा किंवा गोवा माइल्सची टॅक्सी. इथे ओला-उबेरच्या भरवशावर राहू नका.

जेवण खेळायच्या आधी उरका. आणि रॉस ऑम्लेटचे गाडे संध्याकाळी लागतात, ते खाऊन परत टेबलावर जाणार असाल तर हात साबणाने धुवा. तेलाचं बोट कापडावर पडलं की तो डाग जात नाही, मार्कर तुम्हाला जन्मभर ओळखेल. :)

पेडणेकर
मला अजूनही पणजीपेक्षा म्हापसा बरा वाटतो. मोपाला तिथून पाऊण तास, पर्वरीचा अडथळा दुपारीच पार झालेला, म्हणजे खेळायला तास जास्त. वार कोणता?

तिरकाकोन
शुक्रवार.

पेडणेकर
मग शब्द मागे. शुक्रवारी म्हापशाचा बाजार! सगळा बार्देश तिथे लोटतो, स्टँडच्या आसपास गाडी उभी करायला जागा नाही, बस रांगत जाते. पणजीच घ्या.

नाइटवॉचमन
एकटा खेळणार असेल तर चार तास करणार काय? कंटाळा नाही येणार?

कुशनफर्स्ट
एकट्याने चार तास हा उत्तम सराव आहे, फक्त ठरवून खेळावं लागतं. पहिली पंधरा मिनिटं पॉट मोजू नका. पूर्ण टेबल लांबीचा सरळ स्टॉप शॉट (टकरीनंतर व्हाइट जागीच थांबतो तो) मारत कापडाचा वेग समजून घ्या, मग तोच शॉट एक फूट ड्रॉ, एक फूट फॉलो असा. पुढची पंधरा मिनिटं फक्त बँक, कारण पेडणेकरांनी सांगितलेली आखूड पडण्याची गोष्ट तिथेच कळते. मग भुताशी खेळा : ब्रेक करा, व्हाइट हातात घेऊन हवा तिथे ठेवा, एक ते नऊ ओळीने काढा. एकही चुकला तर रॅक भुताचा. नऊ जड वाटले तर सहा बॉल घ्या.

जोडीदार हवा असेल तर मार्करला सांगा, 'कोणी चांगला आला तर दोन रॅक खेळू'. चारनंतर कॉलेजची मुलं येतात, टेबलं भरतात, म्हणून तुमचं टेबल पाचपर्यंत आधीच सांगून ठेवा. खेळण्याआधी तीन गोष्टी तोंडी ठरवा : फाऊलला व्हाइट हातात की दोन शॉट, नऊ नंबरचा कॉम्बिनेशन पॉट (दुसऱ्या बॉलने ढकलून घातलेला) धरायचा की नाही, आणि टेबलाचे पैसे कसे. बऱ्याच ठिकाणी हरणारा टेबल भरतो, तुम्हाला अर्धे-अर्धे हवे असतील तर आधी बोला. पैशांची पैज लावू नका. जुगारबंदीचा १९७६ चा कायदा इथे आहे. कॅसिनोंना वेगळी परवानगी आहे म्हणून सगळं चालतं, असा समज करून घेऊ नका.

मीटर तासाचा की मिनिटाचा तेही बघा. एकट्याला लांब वेळेसाठी सरावाचा दर देतात, विशेषतः दुपारी, पण मागितल्याशिवाय नाही.

फोंडेकरीण
स्वतःची स्टिक विमानात जायची म्हणून घरीच ठेवणार असाल तर पार्लरची निवडायची रीत : टेबलावर लोळवून बघतात सगळे, पण बुंधा जाड आणि टोक बारीक असल्याने ती थोडी उडतेच. त्यापेक्षा बुंध्याकडून एक डोळा मिटून टोकाकडे पाहा आणि स्टिक हळू फिरवा. टोक जागचं हललं नाही पाहिजे. वजन १९ औंसाच्या जवळपास. टिपची गोलाई रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी असावी. सपाट आणि चकचकीत झाली असेल तर चॉक धरत नाही, शॉट निसटतो. बारीक सॅण्डपेपरचा तुकडा खिशात ठेवा आणि मार्करला विचारून दोनदा हलका फिरवा. चॉक मात्र स्वतःचा आणा. पावसाळ्यात पार्लरचा चॉक ओल धरून दगड झालेला असतो.

तिरकाकोन
स्टिक नेतोच आहे, खोकं मागवलं. तर आता ठरलं असं :

साडेनऊला मडगाव, तिथूनच तीन पार्लरना फोन, प्रश्न कुशनफर्स्टचे. पावणेदहाची शटल, पावणेअकरापर्यंत पणजी. बाराला जेवण. साडेबाराला पार्लर, स्नूकर टेबलाकडे एक नजर, मग फोंडेकरीणताईंची पाच मिनिटांची तपासणी. नापास झालं तर दुसऱ्याकडे जायला वेळ आहे. पाचला बंद, सव्वापाचला पणजी स्टँड, मोपाची कदंब बस. काही सुटलं का?

मडगावकर_मंदार
तीन बदल. फोन सकाळी साडेनऊला केलात तर कोणी उचलणार नाही, शटलमधून उतरल्यावर अकराला करा. दुसरं, मोपाची बस ठरलेल्या वेळांनाच सुटते. सकाळी पणजीला उतरल्या उतरल्या स्टँडवर वेळा विचारून ठेवा. साडेपाचच्या आत बस नसेल तर टॅक्सी सकाळीच सांगून ठेवा, पावसात ऐनवेळी मिळत नाही. तिसरं, कारवार-मडगाव रस्त्यावर पोळे नाक्यापुढे काणकोणच्या घाटात पावसात दरड आली की अडकायला होतं, तेव्हा एक बस आधीची घ्या.

पेडणेकर
आणि पार्लर एकाच भागातली निवडा. पहिलं सांतइनेजला, दुसरं पर्वरीला असं केलंत तर नापास टेबल सोडून दुसरं गाठण्यातच तास जाईल.

तिरकाकोन
पटलं. कारवारहून पहिली बस, फोन अकराला, तिन्ही पार्लर पणजी शहरातलीच. टेबलाचं माप, कापडाचा महिना आणि एसीची वेळ काय निघाली ते इथेच लिहीन, म्हणजे पुढच्याला ताजी माहिती मिळेल. सगळ्यांना देव बरें करूं.

फोंडेकरीण
पॉकेटचं मापही लिहा. दोन बॉल बसवून फोटो टाकलात तर आणखी चांगलं.